‘कनिष्ठ’ म्हणावे कोणास?

आयर्लंडचे नाव मराठी वाचकास परके नाही. १९१६ साली लोकमान्यांनी बेळगावास होमरूल लीग स्थापन केली, तेव्हा तिचे नावच मुळी त्या बेटावरील चळवळीतून उचललेले होते. परंतु आयरिश राजकारणाशी आमचा जेवढा परिचय झाला, त्याच्या शतांशही आयरिश खेळांशी झाला नाही. म्हणून मन्स्टर प्रांतातील कनिष्ठ क्लबांच्या गेलिक फुटबॉल स्पर्धेविषयी आम्ही येथे चार कठोर शब्द लिहावयास बसलो आहोत हे पाहून काही वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात हे चेंडूचे प्रकरण कशास, असेही कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, हा वाद चेंडूपेक्षा शब्दाचा अधिक आहे. ‘कनिष्ठ’ या एका शब्दाचा अर्थ दोन पक्षांनी आपापल्या सोयीने वाकविला आहे, आणि डोळ्यांदेखत शब्द वाकविले जात असता स्वस्थ बसणे आमच्या व्यवसायास शोभणारे नाही.

ज्यांस हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. गेलिक फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. चेंडू हातात घेता येतो, परंतु तो कवटाळून वाटेल तितके पळता येत नाही. चार पावलांनंतर तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या बोटांवरून उडवून पुन्हा हाती घ्यावा लागतो. गोलाचे खांब इंग्रजी ‘एच्’ अक्षरासारखे उभे असतात. आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. (२०२५ पासून दूरवरून मारलेल्या चेंडूस दोन गुण देण्याची नवी रीत पडली आहे, आमच्या विषयाशी तिचा संबंध नाही.) हा खेळ चालविणारी गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्लस गावी, हेझ यांच्या हॉटेलात जन्मास आली. मायकेल क्यूसॅक व मॉरिस डॅव्हिन हे तिचे आद्य पुरस्कर्ते. परक्यांच्या खेळांचे अनुकरण सोडून आपले खेळ आपण जगवावे, हा त्यांचा हेतू होता.

या संस्थेत खेळाडूस वेतन नाही. ८२,३०० प्रेक्षक मावणाऱ्या डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर रविवारी ज्याच्या नावाचा जयघोष होतो, तो सोमवारी सकाळी आपल्या पोटाच्या उद्योगास लागतो. तसेच येथे खेळाडू विकत घेता येत नाही. सामान्यतः माणूस ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे ज्या चर्चच्या पंचक्रोशीत, लहानाचा मोठा झाला तेथल्याच क्लबाकडून तो खेळतो. बापाने ज्या रंगाचा सदरा घातला तोच मुलगा घालतो, आणि थोरल्या भावाचा तोकडा झालेला सदरा धाकट्याच्या अंगावर येतो. चांगला खेळाडू निपजला म्हणून शेजारच्या श्रीमंत क्लबाने त्यास पळवून न्यावे, असा तेथे शिरस्ता नाही. आमच्या मते या संघटनेचे सगळे तेज या एका बंधनात आहे.

प्रत्येक काउंटीतील क्लबांचे वरिष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ असे वर्ग पाडलेले असतात. येथे कनिष्ठ म्हणजे वयाने लहान नव्हे. चाळिशीकडे झुकलेला आणि गुडघ्यास पट्टा बांधून उतरणारा संसारी गृहस्थही कनिष्ठ वर्गात खेळतो. काउंटीचा कनिष्ठ विजेता प्रांताच्या स्पर्धेत उतरतो. मन्स्टर प्रांतात केरी, कॉर्क, क्लेअर, लिमरिक, टिपरेरी व वॉटरफर्ड अशा सहा काउंट्या आहेत. प्रांत जिंकला की अखिल आयर्लंडची स्पर्धा, आणि दैव अनुकूल असेल तर क्रोक पार्कवरचा अंतिम सामना. ज्या पंचक्रोशीत एक शाळा, एक चर्च आणि दोन मद्यगृहे यांपलीकडे काही नाही, तिची पंधरा पोरे राष्ट्राच्या मैदानावर उभी राहतात, ती या स्पर्धेच्या पुण्याईने. ब्रिटनमधील आयरिश वस्त्यांचे क्लबही या वाटेने येऊ शकतात. २०१५ साली लिव्हरपूलचा जॉन मिचेल्स हा क्लब थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. ज्या जॉन मिचेलला इंग्रज सरकारने काळ्या पाण्यावर धाडले, त्याचे नाव इंग्लंडच्याच एका बंदरातील मुलांनी छातीवर मिरवीत डब्लिनास यावे, यातील गंमत आमच्या वाचकांस वेगळी उलगडून सांगावयास नको.

आता वादाच्या मूळ कारणाकडे वळू. केरी काउंटीत किलार्नीच्या सरोवराकाठी फॉसा नावाचे लहानसे गाव आहे. डेव्हिड क्लिफर्ड आणि पॉडी क्लिफर्ड हे दोघे बंधू त्या गावचे. २४ जुलै २०२२ रोजी केरीने गॉलवेचा पराभव करून अखिल आयर्लंडचे वरिष्ठ अजिंक्यपद अडतिसाव्या वेळी मिळविले, त्या विजयाचा मुख्य शिल्पकार डेव्हिड. त्या वर्षीचा देशातील सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली. आणि हाच पुरुष त्यानंतर थोड्याच महिन्यांनी आपल्या गावच्या सदऱ्यात, कनिष्ठ वर्गात, उतरला. फॉसाने केरीची कनिष्ठ स्पर्धा जिंकली, मग मन्स्टरची जिंकली, आणि १५ जानेवारी २०२३ रोजी क्रोक पार्कवर टिरोन काउंटीच्या स्ट्युअर्ट्सटाउन हार्प्सचा १९ विरुद्ध १६ गुणांनी पराभव करून अखिल आयर्लंडचे कनिष्ठ अजिंक्यपदही पटकावले. सामन्याच्या अखेरीस डोकी इतकी तापली की दोघाही क्लिफर्ड बंधूंस पंचांनी तांबडी चिठ्ठी दाखवून बाहेर काढले. तो प्रकार लज्जास्पद होता, आणि खेड्यांची आवेशाची परंपरा सांगून त्यावर पांघरूण घालणाऱ्यांत आम्ही नाही.

या विजयानंतर एक पक्ष पुढे आला. त्याचे म्हणणे असे की, राष्ट्रातील पहिल्या प्रतीच्या खेळाडूने कनिष्ठ वर्गात खेळणे हा इतरांवर अन्याय आहे; जो काउंटीच्या वरिष्ठ संघात खेळतो त्यास कनिष्ठ स्पर्धेची बंदी असावी. वरवर पाहता हे म्हणणे मोठे न्यायाचे वाटते. सिंहाने सशांच्या शर्यतीत का धावावे, असा दाखलाही कोणी देईल.

आम्हांस हे म्हणणे मुळातच अमान्य आहे. कनिष्ठ या शब्दाचा अर्थ ‘दुबळा’ असा धरल्यावाचून ते उभेच राहू शकत नाही. कनिष्ठ वर्ग निघाला तो लहान गावांसाठी, नादान खेळाडूंसाठी नव्हे. ज्या पंचक्रोशीत खेळण्याच्या वयाची तीस मुले जमविताना दमछाक होते, तिला ज्या पंचक्रोशीत तीनशे मुले आहेत तिच्याशी झुंजावयास लावू नये, एवढाच त्यातील न्याय. तीस मुलांत एखादा क्लिफर्ड निपजला तर तो त्या गावचा दैवयोग आहे, अपराध नव्हे. त्यास बंदी केलीत तर त्याने करावे काय? गाव सोडून किलार्नीच्या मोठ्या क्लबात जावे? म्हणजे जो व्यवहार होऊ नये म्हणून ही संस्था सव्वाशे वर्षांहून अधिक काळ डोळ्यांत तेल घालून बसली, तोच व्यवहार न्यायाच्या नावाने तिनेच सुरू करावा! आयर्लंडच्या खेड्यांतून तरुण माणसे डब्लिनकडे आणि परदेशाकडे वाहत चालली आहेत. ठिकठिकाणी दोन-दोन क्लब एक झाल्यावाचून पंधरा गडी पुरे होत नाहीत. अशा वेळी जो सर्वश्रेष्ठ असूनही घरी राहिला, त्यास तू फार मोठा झालास, आता येथे तुझे काम नाही, असे सांगणाऱ्या माणसास गाव म्हणजे काय हे कळले आहे असे आम्हांस वाटत नाही.

त्या दोन संघांतील अंतर तरी किती होते? तीन गुण. म्हणजे एक गोल. देशातील सर्वोत्तम खेळाडू एका बाजूस असूनही टिरोनच्या त्या लहान गावाने सामना अखेरपर्यंत ओढून नेला. यास सशांची शर्यत म्हणणे हा स्ट्युअर्ट्सटाउनच्या पोरांचाच अपमान आहे. त्यांची कीव करणारे त्यांना पाहावयास गेले होते की नाही, याची आम्हांस शंका येते.

आयरिश कवी पॅट्रिक कॅव्हना हा मोनहन काउंटीतील इनिस्कीन गावचा. हा कवी आपल्या गावच्या संघात गोल राखीत असे. पॅरिशचा माणूस आणि प्रांतीय वृत्तीचा माणूस यांत त्याने जो भेद केला तो प्रसिद्ध आहे. त्याच्या मते प्रांतीय वृत्तीचा माणूस राजधानी काय म्हणते हे ऐकल्यावाचून स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवीत नाही. पॅरिशच्या माणसास मात्र आपल्या पंचक्रोशीच्या मोलाविषयी संशय कधी शिवत नाही. ज्यांस क्लिफर्ड फॉसासाठी ‘वाया’ जातो असे वाटते, त्यांची गणना या दोहोंपैकी कोणत्या वर्गात करावी हे वाचकांनीच ठरवावे.

येथवर आम्ही केरीची बाजू घेतली. त्यामुळे केरीचे अभिमानी खूश झाले असतील तर त्यांनी आणखी थोडे वाचावे. कारण ‘कनिष्ठ’ हा शब्द वाकविण्याच्या कामी दुसरा पक्ष त्यांचाच आहे, आणि त्यांचे वाकविणे पहिल्यांहून अधिक कसबाचे आहे.

२०१५ पासून २०२४ पर्यंतचे अखिल आयर्लंड कनिष्ठ स्पर्धेचे अंतिम सामने पाहा. महामारीमुळे २०२१ साली स्पर्धा झाली नाही. उरले नऊ सामने. या नऊही सामन्यांत एका बाजूस मन्स्टरचा विजेता उभा होता. त्या नऊ विजेत्यांपैकी एकटा नॉकनग्री हा कॉर्कचा, २०१८ सालचा. बाकीचे आठ केरीचे: ब्रॉस्ना, टेम्पलनो, ग्लेनबे-ग्लेनकार, बोफर्ट, ना गेल, नीव्हगिला, फॉसा आणि लिस्टोल एमेट्स. यांतील सहांनी अखिल आयर्लंडचे पद जिंकले. ज्या प्रांतात सहा काउंट्या आहेत, तेथे नऊ वर्षांत आठ वेळा एकाच काउंटीचे निशाण लागावे, हा योगायोग नव्हे.

केरीवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे. आम्ही चांगले खेळतो, ते म्हणतात. चांगले खेळतात, यात शंका नाही. वरिष्ठ अजिंक्यपदे २०२५ साली एकोणचाळीस झाली. इतकी दुसऱ्या कोणत्याही काउंटीपाशी नाहीत. टिपरेरी, वॉटरफर्ड, लिमरिक येथे लोकांचा जीव हर्लिंग या काठीच्या खेळात अधिक गुंतलेला, हेही खरे. परंतु यांच्या आड एक आकडा दडलेला आहे, आणि तो चतुराईचा आहे. २०२२ च्या हंगामात केरीच्या वरिष्ठ वर्गात क्लब होते अवघे आठ. मध्यम वर्गात सोळा. म्हणजे चोवीस क्लब वर, आणि पंचविसाव्यापासून कनिष्ठ. उलट टिरोनमध्ये वरिष्ठ सोळा आणि मध्यमही सोळा. तेथे बत्तीस क्लब वजा झाल्यावर कनिष्ठांची गणती सुरू होते. म्हणजे क्रोक पार्कवर त्या जानेवारीत दोन ‘कनिष्ठ’ संघ उभे राहिले, त्यांतील एकाच्या डोक्यावर चोवीस क्लब होते आणि दुसऱ्याच्या डोक्यावर बत्तीस. दोघांच्या कपाळावर चिठ्ठी मात्र एकच. बाजारात दोन दुकानांचे शेर निरनिराळ्या वजनाचे निघाले तर गिऱ्हाईक आरडाओरडा करते. येथे आठ क्लबांचा फरक पडूनही मापास कोणी हात लावीत नाही.

वरिष्ठ वर्ग इतका अरुंद ठेवणे केरीस परवडते, कारण तेथे आणखी एक सोय आहे. काउंटीच्या वरिष्ठ अजिंक्यपदासाठी त्या आठ क्लबांबरोबर विभागांचे संघही उतरतात; एका विभागातील लहान क्लबांचे निवडक गडी एकत्र करून हा संघ बनतो. फॉसा हे ईस्ट केरी विभागात मोडते. या विभागाने २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३ साली काउंटीचे वरिष्ठ अजिंक्यपद जिंकले, आणि डेव्हिड क्लिफर्ड त्या संघाचा आधारस्तंभ. ही व्यवस्था मोठी सुंदर आहे. खेड्यातील गुणी मुलास गाव न सोडता वरच्या दर्जाचा खेळ खेळावयास मिळतो, आणि इतर काउंट्यांनी तिचा कित्ता गिरवावा असे आम्ही खुशाल म्हणू. पण तिचा परिणामही मान्य करावयास हवा. विभागाच्या तालमीत कसून तयार झालेले हे गडी नंतर क्लबात परततात, आणि मन्स्टरच्या दारी कनिष्ठ म्हणून उभे राहतात. समोर क्लेअर किंवा वॉटरफर्डच्या एखाद्या आडगावाची पोरे. त्यांना असली तालीम कोठली? एका हाताने वरिष्ठपणाचा लाभ घ्यावा आणि दुसऱ्या हाताने कनिष्ठपणाचा दाखला पुढे करावा, हे काही आम्हांस रुचत नाही.

शब्द किती ताणला गेला आहे हे पाहावयाचे असेल तर २०२० सालचा विजेता ना गेल पाहा. हा क्लब ट्रलीचा. ट्रली हे केरीतील सर्वांत मोठे शहर. तेथे क्लब अनेक आहेत आणि माणसे वाटली जातात हे आम्ही जाणतो. तरीही काउंटीच्या मुख्य शहरातील क्लब आणि लिमरिकच्या सीमेवरचे ब्रॉस्ना हे खेडे यांस एकाच नावाने हाक मारताना जीभ अडखळावयास हवी. २०२४ साली अंतिम सामना खेळलेला एमेट्स क्लब लिस्टोलचा. ते बाजारपेठेचे गाव. नाटककार जॉन बी. कीन यांचे मद्यगृह तेथलेच, आणि दरवर्षी भरणाऱ्या लेखकांच्या मेळ्यामुळे आयर्लंडबाहेरही त्याचे नाव पोहोचले आहे. लिस्टोलविषयी आमच्या मनात आदर आहे, साहित्यिकास तो असावयाचाच. पण त्यास लहान खेडे म्हणण्याइतका तो आंधळा नाही.

टेम्पलनोची गोष्ट याहूनही बोलकी आहे. केनमेरजवळची ही वस्ती खरोखरच लहान. तिने २०१६ साली अखिल आयर्लंडचे कनिष्ठ पद जिंकले, २०१९ साली केरीची मध्यम स्पर्धा जिंकली, आणि लागलीच वरिष्ठ वर्गात जाऊन बसली. ना गेलने कनिष्ठ पद जिंकल्यावर मध्यम स्पर्धा पुढच्याच वर्षी, २०२१ साली, जिंकली. या क्लबांच्या पराक्रमास आमचा मुजरा आहे. परंतु जो संघ तीन वर्षांत, किंबहुना एका वर्षात, दोन पायऱ्या चढून जातो, तो खालच्या पायरीवर उभा होता तेव्हा खरोखर खालचा होता काय?

यावर कोणी म्हणेल की, आता काळजी कशाची? २०२२ साली मेयोच्या किलमीनाने नीव्हगिलास हरविले, २०२४ साली कॅव्हनच्या आर्वाने लिस्टोलास हरविले. केरी अजिंक्य नाही हे सिद्ध झाले. म्हणजे माप आपोआप सुधारले. हा युक्तिवाद आम्हांस चमत्कारिक वाटतो. हलक्या मापाने घेऊनही एखादे गिऱ्हाईक नफ्यात राहिले, एवढ्याने माप खरे होत नाही. शिवाय किलमीना आणि आर्वा हे निदान क्रोक पार्कपर्यंत पोहोचले. मन्स्टरमधील ज्या क्लेअरच्या, लिमरिकच्या, वॉटरफर्डच्या गावांना या नऊ वर्षांत प्रांताचे पद एकदाही मिळाले नाही, त्यांचे समाधान मेयोच्या विजयाने कसे व्हावे? प्रांताची स्पर्धा ही अखिल आयर्लंडची नुसती पायवाट नव्हे. ज्या गावाने कधी काउंटीबाहेर पाऊल टाकले नाही, त्यास प्रांताचा एक चषक दोन पिढ्या पुरतो. मद्यगृहाच्या भिंतीवरचे छायाचित्र नातवंडांना दाखविले जाते. तो चषकच एका काउंटीच्या अंतर्गत व्यवस्थेने अडवून धरला तर तक्रार करावी कोणापाशी?

आमचे म्हणणे एवढेच आहे. केरीने, किंवा दुसऱ्या कोणत्याही काउंटीने, आपल्या घरात आठ वरिष्ठ क्लब ठेवावे की चार, हा तिचा प्रश्न. आठ क्लबांची स्पर्धा चुरशीची होत असेल, तर ती मोडावी असे सांगणारे आम्ही कोण? परंतु प्रांताच्या दारात घरची नावे चालू नयेत. तेथे एकच प्रश्न विचारावा: तुमच्या काउंटीत या क्लबाच्या वर किती क्लब आहेत? बत्तीसांहून कमी असतील तर तो कनिष्ठ नव्हे, मध्यम; घरी त्यास काहीही म्हणा. लीट्रिमसारख्या विरळ वस्तीच्या काउंटीत एकूण क्लबच थोडे. तेथे हा आकडा लावणे मूर्खपणाचे होईल, आणि लावण्याचे कारणही नाही, कारण अशी काउंटी कोणाचे पद अडवून बसलेली नाही. नियम मोठ्या काउंट्यांपुरता असावा. या हिशेबाने फॉसाचा त्या वर्षीचा दर्जा काय ठरला असता? मध्यम. म्हणजे डेव्हिड क्लिफर्ड आपल्याच गावच्या सदऱ्यात, आपल्याच भावाच्या बाजूस, मन्स्टरच्या मध्यम स्पर्धेत खेळला असता. त्यास बंदी नको, गावाबाहेर घालवणे नको. फक्त समोरच्या बाजूस त्याच्या गावाच्या तोलाचे गाव उभे करावे.

केरीवाले म्हणतील की, यामुळे आमचे चषक कमी होतील. होतील. एकोणचाळीस वरिष्ठ अजिंक्यपदे ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी कनिष्ठांच्या चषकासाठी इतके हळवे व्हावे याचे आम्हांस आश्चर्य वाटते. आणि टिरोनवाल्यांनी किंवा अन्य कोणी क्लिफर्डच्या नावाने बंदीचा ठराव आणावयाचे मनात आणलेच, तर आधी आपल्या काउंटीतील अशा एका लहान गावाचे नाव सांगावे, जेथे उद्या असाच एक मुलगा निपजला तर ते त्यास शेजारच्या क्लबाच्या हवाली करावयास तयार होतील.